आंदोलन करणाऱ्या खेळाडूची नोकरी जाते का? एका संशोधन प्रश्नाची तपासणी



'पेट' किंवा 'सेट'ची तयारी करताना संशोधन पद्धतीच्या पेपरसाठी आपण ढीगभर व्याख्या पाठ करतो. स्वतंत्र चल, परतंत्र चल, नमुना निवड, गृहीतक, नियंत्रण गट. बहुपर्यायी प्रश्नात मार्कही मिळतात. खरी अडचण पुढे येते. गाईड विचारतात, "तुझा प्रश्न काय आहे ते एका वाक्यात सांग," आणि आपण जे वाक्य सांगतो त्यातच अर्धा घोळ असतो.

म्हणून आज एकच प्रश्न घेऊ आणि तो नीट उलटापालटा करून बघू. प्रश्न असा: "व्यावसायिक खेळाडूनं राजकीय आंदोलन केलं तर त्याच्या रोजगारावर काय परिणाम होतो?" दिसायला सरळ आहे. आंदोलन हे कारण, रोजगार हा परिणाम. यादी करा, मोजा, निष्कर्ष लिहा. मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी आहे, क्रीडा समाजशास्त्राचा नाही. पण प्रयोगशाळेत नियंत्रण गट चुकला तर जे होतं, तेच इथेही होतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: हा प्रश्न आपल्याकडे जसाच्या तसा वापरला तर तो चुकीच्या माणसांना मोजतो.

आपल्या भागात हा विषय नुसता पुस्तकी नाही. अहमदपूरला पहाटे मैदानावर जाऊन बघा. पोलिस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करणारी पोरं, तालमीतून थेट पळायला आलेले पैलवान, सगळ्यांची नजर नोकरीवर. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्या कोट्यासाठी स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. या पोरांना मोर्चात जायचं की नाही, हा निर्णय खरोखर घ्यावा लागतो. आपल्या संशोधनाचं उत्तर त्यांच्यापर्यंत चुकीचं पोचलं तर किंमत ते मोजतात, आपण नाही.

दोन उदाहरणं, दोन उलटे निष्कर्ष

या विषयावर कुठेही चर्चा निघाली की दोन दाखले हमखास येतात.

पहिला कॉलिन कॅपर्निकचा. अमेरिकन फुटबॉलमधला हा खेळाडू. कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचारांचा निषेध म्हणून २०१६ मध्ये तो राष्ट्रगीताच्या वेळी आधी बसून राहिला, नंतर एका गुडघ्यावर टेकला. मार्च २०१७ मध्ये तो आपल्या करारातून बाहेर पडला आणि त्यानंतर एनएफएलच्या ३२ संघांपैकी एकानंही त्याला खेळाडू म्हणून घेतलं नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यानं संघमालकांनी संगनमत केल्याची तक्रार दाखल केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ती गोपनीय तडजोडीनं मिटली. यावरून निष्कर्ष काढला जातो: आंदोलन केलं की करिअर संपतं.

दुसरा दाखला आपल्या कुस्तीचा. जानेवारी २०२३ मध्ये साक्षी मलिक, विनेश फोगाट आणि बजरंग पुनिया जंतरमंतरवर बसले. कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष आणि खासदार ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर महिला पैलवानांच्या लैंगिक छळाचे आरोप होते. एप्रिलमध्ये आंदोलन पुन्हा सुरू झालं. २८ मे रोजी नव्या संसद भवनाकडे निघालेल्या पैलवानांना पोलिसांनी ताब्यात घेतलं आणि आंदोलकांवर गुन्हाही नोंदवला. पण ५ जून २०२३ ला बातमी आली की तिघंही रेल्वेतल्या आपापल्या नोकरीवर रुजू झाले. आंदोलन मागे घेतलेलं नाही, हे त्यांनी त्याच दिवशी स्पष्ट केलं. यावरून दुसरा निष्कर्ष: आपल्याकडे आंदोलन केल्यानं नोकरीला काही होत नाही.

दोन्ही निष्कर्ष एकेका घटनेवर उभे आहेत, हा दोष तर कुणालाही दिसेल. पण "सॅम्पल वाढवा" एवढं म्हणून भागत नाही. सॅम्पल शंभर पट केलं तरी जो दोष तसाच राहील, तो जास्त महत्त्वाचा.

अमेरिकन साचा कुठे चालतो

अमेरिकेत हा प्रश्न अभ्यासण्याची सरळ पद्धत अशी: एका हंगामात निषेध करणाऱ्या खेळाडूंची यादी करायची. त्याच वयाचे, त्याच जागेवर खेळणारे, साधारण तेवढीच कामगिरी असलेले पण निषेध न केलेले खेळाडू शोधायचे. पुढच्या हंगामात कुणाला करार मिळाला, कुणाला नाही, किती पगारावर मिळाला, याची तुलना करायची.

ही पद्धत टाकाऊ नाही, उलट तिथे ती बऱ्यापैकी बसते. प्रत्येक सामन्याचं चित्रीकरण असतं, त्यामुळे कोण गुडघ्यावर टेकलं ते दिसतं. कामगिरीचे आकडे सर्वांसमोर असतात. करार ठरावीक काळाचे असतात, त्यामुळे परिणाम लवकर कळतो.

तरीही त्यात तीन अडचणी आहेत. पहिली कामगिरीची. २०१६ च्या हंगामात कॅपर्निकचे १६ टचडाउन पास होते आणि त्याचा पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला फक्त ४ वेळा. हे आकडे चांगले. पण त्यानं सुरुवात केलेल्या ११ सामन्यांपैकी संघ फक्त १ जिंकला. आता तो 'चांगला' की 'वाईट'? तुम्ही कोणता आकडा धरता त्यावर तुमचा तुलना गट बदलतो आणि गट बदलला की निष्कर्षही बदलतो.

दुसरी अडचण 'आंदोलन' या शब्दाची. कॅपर्निकचा सहकारी एरिक रीड त्याच्यासोबत गुडघ्यावर टेकला. करार संपल्यावर त्याला २०१८ चा हंगाम सुरू होऊन गेला तरी संघ मिळेना. सप्टेंबरअखेर कुठे तो मिळाला. माल्कम जेनकिन्स राष्ट्रगीताच्या वेळी मूठ उंचावत असे. तो आपल्या संघात टिकला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सुपर बाउलही जिंकला. तिघांना एकाच रकान्यात '१' लिहून टाकलं तर त्यांच्या कृतीतला, जागेतला, प्रसिद्धीतला फरक पुसला जातो.

तिसरी अडचण आपल्या कामाची आहे. कॅपर्निकला कुणी 'काढलं' नाही, त्याला 'घेतलं' नाही. काढलं तर आदेश असतो, तारीख असते, कागद असतो. घेतलं नाही तर काहीच नसतं. "आम्हाला दुसरा खेळाडू जास्त योग्य वाटला," एवढ्यावर विषय संपतो. म्हणजे परिणाम जिथे घडतो तिथेच नोंद नसते. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आपल्याकडे मालक कोण?

आता हा साचा महाराष्ट्रात आणून ठेवा. पहिल्याच पायरीवर अडतो. तिथे मालक म्हणजे खासगी संघ. आपल्याकडे, क्रिकेट सोडलं तर, खेळाडूचा मालक बहुतेक वेळा सरकार असतं.

हे आजचं नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव १९५५ मध्ये पोलिस उपनिरीक्षक झाले. आजची नावं बघा. पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळवणारा कोल्हापूरकडचा स्वप्निल कुसाळे मध्य रेल्वेत. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा पैलवान राहुल आवारे राज्य पोलिस दलात उपअधीक्षक. त्याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे लष्करात. या तिघांची राजकीय मतं काय, ती त्यांनी का मांडली किंवा नाही मांडली, याबद्दल मी काहीही सुचवत नाही. मुद्दा एवढाच की पगार कुठून येतो.

आणि पगार देणाऱ्या खात्यागणिक नियम बदलतो. राज्य कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू. रेल्वेत रेल्वे सेवा (वर्तणूक) नियम, १९६६. दोन्हींत पक्षीय राजकारणाला मनाई आहे. पण सरकारी नोकरानं कोणतंही निदर्शन करायचंच नाही असा सरसकट नियम टिकत नाही. कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्येच असा नियम त्या मर्यादेत रद्द केला. संप हा मात्र मूलभूत हक्क मानला नाही. पोलिसांना वेगळा कायदा आहे, १९६६ चा. त्यात राजकीय हेतूच्या निदर्शनात भाग घ्यायला मनाई आहे. लष्करात बंधनं आणखी कडक.

म्हणजे तोच मोर्चा, तीच घोषणा, पण रेल्वेतल्या खेळाडूला एक धोका, पोलिसातल्याला दुसरा आणि जवानाला तिसरा. 'खेळाडू' असा एकच गट धरून सरासरी काढली तर ती यांपैकी कुणाचीच खरी नसेल.

कुस्तीच्या प्रकरणात हा फरक स्पष्ट दिसतो. २०२३ मध्ये आंदोलन करूनही तिघांची रेल्वेतली नोकरी राहिली. त्याच रेल्वेनं सप्टेंबर २०२४ मध्ये विनेश आणि बजरंग यांना कारणे दाखवा नोटीस दिली, असं तेव्हा काँग्रेसनं सांगितलं. निमित्त होतं राहुल गांधींची भेट. दोघांनी राजीनामे दिले आणि ६ सप्टेंबरला पक्षात प्रवेश केला. ऑक्टोबरमध्ये विनेश जुलानातून आमदार झाली. मुंबईतलं उदाहरण त्याआधीचं, २०१९ चं. लोकसभा निवडणुकीत काँग्रेस उमेदवाराच्या प्रचारात दिसल्याबद्दल, पोलिस दलात असलेला पैलवान नरसिंग यादव याच्यावर गुन्हा नोंदवला गेला. ते आंदोलन नव्हतं, प्रचार होता. तुमच्या व्याख्येत 'राजकीय कृती' असा ढगळ शब्द असेल तर जंतरमंतर, पक्षनेत्याची भेट आणि प्रचारफेरी हे सगळं एकाच पोत्यात जाईल. वर्तणूक नियम यांत फरक करतात. मग तुमच्या आराखड्यानं का करू नये?

यादीत जे नाहीत, ते

आता मुख्य मुद्दा. तुम्ही आंदोलकांची यादी केली. यादीत कोण आलं? साक्षी रिओ २०१६ ची पदकविजेती. बजरंग टोकियोचा पदकविजेता. विनेश जागतिक स्पर्धेत दोनदा पदक मिळवलेली. आंदोलनाच्या वेळी तिघंही नोकरीत कायम होते, तिघांनाही देश ओळखतो. नोकरी आड येत असेल तर ती सोडू, अशा अर्थाचं त्यांनी जाहीरपणे म्हटलं. तसं म्हणायला हिंमत लागतेच, ती कमी लेखायचं कारण नाही. पण असं म्हणण्यासाठी आधी नोकरी असावी लागते.

म्हणजे ज्यांना आंदोलन त्यातल्या त्यात परवडतं तेच यादीत येतात. ज्यांची सगळ्यात जास्त हानी झाली असती ते आधीच हिशेब करून घरी बसतात. मग तुम्ही यादीतल्यांची नोकरी तपासता, ती शाबूत दिसते आणि तुम्ही लिहिता, "परिणाम आढळला नाही." वास्तवात परिणाम इतका मोठा होता की त्यानं बहुतेकांना यादीत येऊच दिलं नाही. याला निवड दोष म्हणतात. व्याख्या तुम्हाला पाठ असेल, पण तो असा दिसतो.

आपल्या मैदानावरचंच उदाहरण घ्या. पोलिस भरतीला हजर झालेल्यांपैकी किती जणांनी १६०० मीटर वेळेत पूर्ण केलं यावरून "हे अंतर सोपं आहे" असं कुणी म्हणालं तर तुम्ही हसाल. कारण ज्याला जमणार नाही असं वाटलं त्यानं अर्जच भरला नाही. आंदोलनाचंही तसंच आहे.

हा हिशेब नुसता मनातल्या भीतीचा नाही, त्यामागे कागद आहे. निवड झाल्यावर साक्षांकन फॉर्म भरावा लागतो, चारित्र्य पडताळणी होते. गुन्हा नोंद आहे का, हा रकाना त्यात असतो. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की माहिती लपवणं हे नेमणूक नाकारण्याचं कारण होऊ शकतं. पण तरुण वयात घोषणा दिल्यासारख्या किरकोळ प्रकरणात, ते लपवलं गेलं असलं तरी, नेमणूक करणारा आपल्या अधिकारात त्याकडे दुर्लक्ष करू शकतो. 'करू शकतो', 'केलंच पाहिजे' नव्हे. ऑलिंपिक पदक गळ्यात असलेल्या माणसावरचा गुन्हा आणि एकोणीस वर्षांच्या उमेदवारावरचा गुन्हा यातलं अंतर या दोन शब्दांत आहे. दुसऱ्याला कुणी 'काढणार' नाही. त्याला 'घेणार' नाहीत. कॅपर्निकची तिसरी अडचण इथे परत आली, आणि इथे तर टीव्हीवरचे आकडेही नाहीत.

तुलना गटालाच झळ लागली तर?

अजून एक दोष आहे आणि तो मला सगळ्यात अवघड वाटतो. तुलना गटाचं गृहीतक असं असतं की उपचार एका गटाला मिळतो आणि दुसरा गट होता तसाच राहतो. शेतीच्या प्रयोगात एका वाफ्यातलं खत पाण्यासोबत शेजारच्या वाफ्यात गेलं तर तुलना बिघडते. कुस्तीत नेमकं हेच झालं.

२०२३ मध्ये शिबिरं आणि राष्ट्रीय स्पर्धांचं वेळापत्रक कोलमडलं. महासंघाची निवडणूक वेळेत झाली नाही म्हणून जागतिक संघटनेनं ऑगस्टमध्ये भारतीय महासंघाला निलंबित केलं. डिसेंबरमध्ये निवडणूक झाली, संजय सिंह अध्यक्ष झाले, साक्षीनं निवृत्ती जाहीर केली आणि तीनच दिवसांत क्रीडा मंत्रालयानं नव्या समितीला निलंबित केलं. जानेवारी २०२४ मध्ये कनिष्ठ गटातले पैलवान जंतरमंतरवर आले. आमचं वर्ष वाया गेलं, असं त्यांचं म्हणणं होतं आणि राग साक्षी, विनेश, बजरंग यांच्यावर होता.

म्हणजे ज्यांनी आंदोलन केलं नाही त्यांच्या रोजगाराच्या वाटेवरही परिणाम झाला. कनिष्ठ गटात वयाची अट असते, गेलेलं वर्ष परत येत नाही. स्पर्धा नाही तर प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही तर क्रीडा कोटा नाही. उलट बाजूनं, जुलै २०२३ मध्ये विनेश आणि बजरंग यांना आशियाई स्पर्धेसाठी निवड चाचणीतून सूट मिळाली. त्याविरुद्ध अंतिम पंघाल आणि सुजीत कलकल दिल्ली उच्च न्यायालयात गेले, पण याचिका फेटाळली गेली. आता या दोन गटांची तुलना करून तुम्ही म्हणाल, "आंदोलकांचं नुकसान कमी झालं." आकडा बरोबर असेल, अर्थ चुकेल.

इथे कारण नेमकं कोणतं धरायचं, हेही ठरवावं लागेल. स्पर्धा आंदोलनामुळे थांबल्या, की तक्रार वेळेत न ऐकणाऱ्या आणि निवडणूक न घेणाऱ्या यंत्रणेमुळे? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. महिला पैलवानांना तक्रारीचा दरवाजा आतूनच उघडा मिळाला असता तर रस्त्यावर बसायची वेळ आली नसती. पण हे मत आहे, मोजमाप नाही. शोधप्रबंधात या दोन्हींसाठी वेगळी पानं ठेवा.

मग प्रश्न कसा मांडायचा?

टीका करून सोडून देणं सोपं असतं. म्हणून याच विषयावर आराखडा लिहायचा असेल तर मी काय बदलेन ते सांगतो.

१. 'आंदोलन' तीन भागांत तोडा: खेळाच्या संघटनेविरुद्धचं आंदोलन, सामाजिक किंवा राजकीय मागणीचं आंदोलन आणि पक्षाचा प्रचार. नियम वेगळे, धोका वेगळा, म्हणून रकाना वेगळा.

२. 'रोजगार' हा एक परिणाम धरू नका. नेमणूक, पडताळणी, बढती, बदली, स्पर्धेसाठी मिळणारी रजा, शिबिराची निवड, खुराकाचा खर्च उचलणारा माणूस, मैदानाचं आमंत्रण, हे सगळं पैलवानाचं उत्पन्न ठरवतं. नोकरी शाबूत राहून बाकी सगळं आटू शकतं.

३. तुलना खेळाडू विरुद्ध खेळाडू अशी करण्याऐवजी मालक विरुद्ध मालक अशी करा. रेल्वे, पोलिस, लष्कर, खासगी क्लब आणि अजून नोकरी नसलेले. नियम जितका कडक तितका आवाज कमी होतो का, हे तपासता येईल.

४. गप्प राहिलेल्यांना नमुन्यात घ्या. सगळ्यात अवघड काम हेच. "तू आंदोलनात गेला होतास का?" हा प्रश्न उपयोगाचा नाही. "जावंसं वाटलं होतं का, आणि काय विचार करून थांबलास?" असं विचारावं लागेल. त्यासाठी नाव, गाव, वजनगट, तालीम, काहीही ओळख पटेल असं नोंदवायचं नाही. एका तालुक्यात एका वजनगटात दोनच पैलवान असतील तर वजनगट लिहिणं म्हणजे नाव लिहिणंच. नैतिकता समितीचा फॉर्म इथे औपचारिकता राहत नाही. तुमच्या निष्काळजीपणानं एखाद्याची पडताळणी अडकू शकते.

५. कागदपत्रं वेगळी गोळा करा. एखाद्या खात्यानं पाच वर्षांत वर्तणूक नियमांखाली खेळाडूंना किती नोटिसा दिल्या, हा आकडा माहिती अधिकारात मागता येतो. नावं मागू नका, संख्या मागा. मुलाखतीतली भीती आणि नोटिसांची संख्या यांत मोठी तफावत निघाली तर तोच तुमचा सगळ्यात महत्त्वाचा निष्कर्ष असेल.

एवढं करूनही "आंदोलनामुळे नोकरी जाते" किंवा "जात नाही" असं एका ओळीचं उत्तर मिळणार नाही. "कोणत्या मालकाकडे, कोणत्या टप्प्यावर असलेल्या खेळाडूला, कोणत्या प्रकारच्या आंदोलनाची, काय किंमत पडते" असं लांबलचक उत्तर मिळेल. वर्तमानपत्राच्या मथळ्यात ते बसणार नाही. पण १६०० मीटर मारून घामाघूम झालेला पोरगा जेव्हा विचारेल, "सर, मोर्चाला जाऊ का?", तेव्हा त्याला उपयोगी पडेल ते हेच उत्तर.

सराव म्हणून एक काम करा. तुमच्या स्वतःच्या विषयातला प्रश्न एका वाक्यात लिहा आणि त्याखाली दुसरं वाक्य लिहा: "माझ्या यादीत कोण येऊच शकणार नाही?" दुसरं वाक्य जमलं नाही तर गाईडकडे जायची घाई करू नका, अजून दोन दिवस घ्या.